सामान्यनाम आणि विशेषनाम : उंची कॉफीच्या निर्यातीचा एक विचार

व्याकरणात नामाचे जे ठळक प्रकार सांगितले जातात त्यांपैकी सामान्यनाम हे एका जातीतील सर्व वस्तूंना लागू पडते आणि विशेषनाम त्या जातीतील एकाच व्यक्तीचा, स्थळाचा वा वस्तूचा निर्देश करते. हा भेद शालेय व्याकरणापुरताच मर्यादित आहे असा समज होण्याचा संभव आहे. तथापि ज्या मालाची उलाढाल खंडाखंडांतून चालते, त्याच्या बाबतीत हाच भेद शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या पैशाशी निगडित होतो. कॉफी हे याचे उत्तम उदाहरण होय. केवळ 'अरेबिका कॉफी' म्हणून विकला जाणारा दाणा आणि 'यिर्गाचेफे' किंवा 'गेशा' या नावाने विकला जाणारा दाणा हे एकाच वनस्पतिजातीचे असतात. त्यांच्या किमतीत मात्र कित्येक पटींचे अंतर पडू शकते. हे अंतर गुणांमुळे पडते हे खरे. परंतु गुण असूनही ज्यांना नाव नव्हते अशा मालाला ती किंमत मिळालेली नाही, हेही तितकेच खरे. उत्पादक देशांना उंची कॉफीची निर्यात वाढवावयाची असेल तर मालाला नाव कसे मिळते, त्या नावाला अर्थ कसा येतो आणि त्या नावावर सत्ता कोणाची राहते, या तीन प्रश्नांचा विचार करणे त्यांना प्राप्त आहे. प्रस्तुत लेखात रवांडा, पनामा, इथिओपिया आणि भारत यांच्या अनुभवांच्या आधारे तो करण्याचे योजिले आहे.

१. सामान्यनामाचा बाजार

कॉफीचे पीक उष्ण कटिबंधात येते आणि तिचा मोठा खप युरोप, उत्तर अमेरिका व जपान येथे होतो. अरेबिका जातीच्या कॉफीचा जागतिक भाव प्रामुख्याने न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतो. तेथील एका कराराचे परिमाण ३७,५०० पौंड इतके असून ठराविक किमान दर्जाची अट पूर्ण करणारा, वीस मान्य देशांपैकी कोणत्याही देशाचा माल त्या करारापोटी देता येतो. काही देशांच्या मालाला ठरलेल्या भावावर थोडी वाढ व काहींच्या मालाला थोडी तूट लावली जाते, एवढाच काय तो भेद. जिल्हा, गाव, डोंगर, मळा, शेतकरी यांपैकी कशाचाही उल्लेख त्या व्यवहारात होत नाही. किंबहुना तो होऊ न देणे हेच त्या व्यवहाराचे सामर्थ्य आहे. न पाहिलेला माल न भेटलेल्या माणसाकडून घेता यावा यासाठी सर्व माल एकाच नावाखाली आणणे तेथे आवश्यक ठरते.

या व्यवस्थेत भावाच्या चढउतारांवर लहान उत्पादकाचा कोणताही ताबा राहत नाही. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने प्रत्येक देशाचा निर्यातीचा वाटा ठरवून दिला होता आणि त्यामुळे भाव काही मर्यादेत राहत. जुलै १९८९ मध्ये ही वाटपपद्धती कोसळली. पुढील दशकात व्हिएतनामचे उत्पादन झपाट्याने वाढून तो देश ब्राझीलच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक बनला. २००१ साली न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ५० सेंटांच्याही खाली गेला. अनेक देशांत दाणा तोडण्याची मजुरीही त्यातून सुटेना. उलटपक्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच भाव चार डॉलरांच्या वर चढला. ब्राझीलच्या सपाट प्रदेशातील विस्तीर्ण मळ्यांत यंत्राने तोडणी होते. पूर्व आफ्रिकेतील वा मध्य अमेरिकेतील डोंगरउतारावर एकेक फळ हाताने खुडावे लागते. स्वस्ताईच्या स्पर्धेत दुसऱ्याने पहिल्याला गाठणे शक्य नाही. त्याच्यापुढे मार्ग उरतो तो एकच : आपला माल इतरांच्या मालाहून वेगळा आहे हे सिद्ध करणे.

२. 'विशेष' या विशेषणाचा अर्थ

ज्याला व्यापारात 'स्पेशालिटी कॉफी' म्हणतात आणि या लेखात 'विशेष कॉफी' म्हटले आहे, तो शब्दप्रयोग एर्ना नट्सेन यांनी १९७४ साली एका अमेरिकन व्यापारी नियतकालिकात केला. नॉर्वेत जन्मलेल्या या बाई सॅन फ्रान्सिस्को येथे कॉफीचा व्यापार करीत. विशिष्ट प्रदेशाची हवा, उंची आणि माती यांच्या योगाने काही दाण्यांना स्वतंत्र चव येते आणि असे दाणे वेगळे ठेवून विकावेत, हा त्यामागील विचार होता. १९८२ साली अमेरिकेत या क्षेत्रातील व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. युरोपातील तशाच संघटनेशी २०१७ मध्ये तिचे विलीनीकरण होऊन आजची 'स्पेशालिटी कॉफी असोसिएशन' अस्तित्वात आली.

या संघटनेच्या प्रयत्नांनी 'विशेष' हे विशेषण केवळ स्तुतिपर न राहता मोजण्याजोगे झाले. ३५० ग्रॅम कच्च्या दाण्यांच्या नमुन्यात एकही मोठा दोष नसावा आणि किरकोळ दोष पाचांहून अधिक नसावेत. भाजून, दळून, पाण्यात भिजवून केलेल्या चवपरीक्षेत त्या कॉफीला शंभरांपैकी किमान ऐंशी गुण मिळावेत, असा दंडक रूढ झाला. सुगंध, चव, मागे रेंगाळणारी चव, आम्लता, दाटपणा, समतोल, गोडवा, निर्मळपणा अशा दहा बाबींचे वेगवेगळे गुण देऊन ही बेरीज केली जाई. २०२३ पासून संघटनेने नवी मूल्यांकनपद्धती पुढे आणली असून तीत कॉफीचे वर्णन आणि तिच्याविषयीची आवड यांची नोंद वेगवेगळी ठेवली जाते. तरीही ऐंशी गुणांची जुनी रेषा व्यापाऱ्यांच्या बोलण्यातून गेलेली नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व उघड आहे. एकोणऐंशी आणि ऐंशी यांमधील अंतर हे बाजारमाल व विशेष माल यांमधील अंतर होऊन बसते.

३. चवीची परिभाषा

गुणांकनाच्या मुळाशी एक परिभाषा आहे आणि ती कोणाच्या अनुभवातून घडली, हा प्रश्न निर्यातदार देशांच्या दृष्टीने गौण नाही. 'आम्लता' हा एकच शब्द घ्यावा. मराठी माणसाच्या तोंडी आम्लता येते ती बहुधा प्रकृतीची तक्रार म्हणून. कॉफीच्या परिभाषेत मात्र तो गुण आहे : लिंबाच्या वा पिकलेल्या फळाच्या आंबटपणासारखी जी तरतरी जिभेवर उमटते ती आम्लता. उंचावरच्या थंड हवेत फळ सावकाश पिकते आणि तेथील कॉफीत हा गुण बहुधा अधिक आढळतो. म्हणून अशा कॉफीला भावही चढा मिळतो. जो उत्पादक आंबटपणाला दोष समजतो, तो आपल्या मालाचा मुख्य गुणच दोष म्हणून सांगण्याचा संभव असतो.

१९९५ साली अमेरिकन संघटनेने चवींची वर्गवारी दाखविणारे एक चक्र प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये ते नव्याने रचण्यात आले. त्याच्या आधारासाठी जो चवकोश तयार झाला, त्यात प्रत्येक शब्दाबरोबर ती चव ओळखण्यासाठी एक प्रमाण पदार्थ नेमून दिलेला आहे. शास्त्रीय दृष्टीने ही पद्धती योग्यच म्हटली पाहिजे, कारण शब्द आणि संवेदना यांची गाठ त्याशिवाय पक्की होत नाही. परंतु ते प्रमाण पदार्थ बव्हंशी अमेरिकेतील दुकानांत मिळणारे आहेत. ज्याने ब्लूबेरी हे फळ कधी चाखलेले नाही, त्याच्या कॉफीचे वर्णन 'ब्लूबेरीसारखी' असे होते आणि त्या वर्णनावर तिची किंमत ठरते. असा उत्पादक सौद्याला बसतो तेव्हा त्याच्या मालाविषयीची भाषा समोरच्याला येत असते आणि त्याला स्वतःला येत नसते.

या विषमतेला आणखी एक कारण आहे. बहुतेक उत्पादक देशांत उत्तम माल निर्यातीसाठी राखला जातो आणि घरी प्यायली जाते ती निवडून उरलेली कॉफी. इथिओपिया हा याला मोठा अपवाद होय. तेथील कॉफीचा जवळजवळ निम्मा भाग देशातच खपतो आणि दाणे भाजण्यापासून पेले भरण्यापर्यंतचा कॉफीचा सोहळा हा घरोघरी चालणारा आचार आहे. अन्यत्र मात्र आपल्या दाण्याची चव शेतकऱ्याला ठाऊक नसणे, ही अगदी सामान्य गोष्ट होती. यास्तव विशेष कॉफीच्या निर्यातीचा आरंभ चव घेण्याच्या शिक्षणापासून होतो.

४. रवांडाचा प्रयोग

रवांडाच्या अनुभवात हे स्पष्टपणे दिसते. चोहोंकडून जमिनीने वेढलेल्या या डोंगराळ देशात बेल्जियन राजवटीने कॉफीची लागवड सक्तीने वाढविली होती. शेतकरी फळांचा गर घरच्या घरी काढून दाणे जमेल तसे वाळवीत. सर्वांचा माल एकत्र होई आणि व्यापारात तो 'साधारण' या वर्गात मोडे. १९९४ च्या वंशसंहारात देश उद्ध्वस्त झाला. त्यानंतर काही वर्षांतच जागतिक भाव कोसळले आणि साधारण कॉफीवर जगणे अशक्य झाले.

२००१ च्या सुमारास ब्युतारे येथील राष्ट्रीय विद्यापीठ आणि अमेरिकेतील मिशिगन स्टेट व टेक्सस ए अँड एम ही विद्यापीठे यांनी अमेरिकन सरकारच्या साहाय्याने 'पर्ल' या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प हाती घेतला. ब्युतारेजवळच्या मराबा येथील सहकारी संस्था या कामाचे पहिले केंद्र ठरली. संस्थेचे नाव 'अबाहुझामुगांबी' असे असून एका उद्दिष्टासाठी मिळून काम करणारे लोक असा त्याचा आशय आहे. तेथे २००१ साली धुलाईकेंद्र उभे राहिले. त्याचे कार्य समजून घेतले म्हणजे 'साधारण' आणि 'विशेष' यांमधील भेद उलगडतो. शेतकरी केवळ पिकलेली लाल फळे खुडून त्याच दिवशी केंद्रावर आणतो. यंत्राने वरचा गर काढला जातो. दाण्याला चिकटून राहिलेला बुळबुळीत थर आंबवून सैल केला जातो आणि वाहत्या पाण्यात धुऊन काढतात. मग जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीच्या मांडवांवर दाणे पसरून, सतत हलवून आणि खराब दाणे निवडून काढून ते वाळवितात. यांपैकी एकही क्रिया गूढ नाही. मात्र यांतल्या एकीतही हयगय झाली तर ती शेवटी पेल्यात कळते.

केंद्राइतकेच महत्त्व चवपरीक्षकांच्या शिक्षणाला देण्यात आले. स्थानिक तरुणांना व सहकारी संस्थांच्या लोकांना कॉफी चाखण्यास, दोष ओळखण्यास आणि गुण मांडण्यास शिकविले गेले. रवांडाच्या कॉफीत कधी कधी कच्च्या बटाट्यासारखा वास येतो. एका किडीने फळाला केलेल्या इजेशी त्याचा संबंध जोडला जातो. एक सदोष दाणा सबंध पेला बिघडवितो. या दोषाला नाव मिळाले, तो कोठून आला हे ओळखता येऊ लागले, तेव्हाच फळे पाण्यात टाकून तरंगणारी वेगळी काढणे व हाताने निवड करणे या उपायांना अर्थ आला. २००२ साली मराबाची कॉफी अमेरिकेतील लुईझियाना राज्यातील एका भट्टीवाल्या कंपनीने घेतली. पुढील वर्षी ती ब्रिटनमध्ये पोहोचली. 'कप ऑफ एक्सलन्स' ही स्पर्धा व तिला जोडलेला लिलाव १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये सुरू झाला होता. २००८ साली ती स्पर्धा भरविणारा रवांडा हा आफ्रिकेतील पहिला देश ठरला. ज्या देशात शतकाच्या आरंभी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी धुलाईकेंद्रे होती, तेथे पंधरा वर्षांत ती दोनशेहून अधिक झाली. 'रवांडा, साधारण' हे वर्णन मागे पडून गावाच्या व केंद्राच्या नावाने कॉफी विकली जाऊ लागली.

५. एका नावाचा प्रवास : गेशा

नाव मिळाल्याने काय घडते हे पनामाच्या उदाहरणावरून दिसते. नैर्ऋत्य इथिओपियात गेशा नावाचा प्रदेश आहे. तेथील रानांतून १९३० नंतरच्या दशकात कॉफीचे बी गोळा करण्यात आले. ते केनिया व टांगानिका येथील संशोधनकेंद्रांतून फिरून १९५३ साली कोस्टा रिकामधील तुरियाल्बा येथील संस्थेत आले आणि पुढील दशकात तेथून पनामात गेले. पानांवरील तांबेऱ्याला ही झाडे काही प्रमाणात तोंड देतात, एवढ्याच कारणाने ती लावली गेली. उत्पन्न कमी आणि फांद्या नाजूक, म्हणून तिची फारशी कदर झाली नाही. दाणे इतर दाण्यांत मिसळून जात.

बोकेते भागातील 'असिएंदा ला एस्मेराल्दा' या मळ्याच्या मालकांनी मळ्याच्या वेगवेगळ्या भागांतील दाणे वेगवेगळे ठेवून चाखून पाहिले आणि त्यात हा वाण निराळा निघाला. २००४ सालच्या पनामाच्या राष्ट्रीय स्पर्धेनंतर झालेल्या लिलावात त्याला पौंडाला २१ डॉलर भाव मिळाला. त्या सुमारास वायदेबाजारातील भाव एका डॉलरच्याही खाली होता. २०२५ च्या लिलावात त्याच मळ्याच्या एका लहानशा राशीला किलोमागे तीस हजार डॉलरांहून अधिक भाव आला. झाडे चाळीस वर्षे तेथेच उभी होती. बदल घडला तो वेगळे काढण्यात आणि नाव देण्यात.

या नावाच्या लेखनाची कथाही उद्बोधक आहे. वसाहतकालीन इंग्रजी कागदपत्रांत रोमन लिपीत त्या नावात एक स्वर अधिक पडला आणि ते जपानमधील नर्तिकांच्या सुप्रसिद्ध नावासारखे दिसू लागले. देवनागरीत दोन्ही बहुधा सारखीच लिहिली जातात, त्यामुळे मराठी वाचकाला हा गोंधळ जाणवणार नाही. व्यापारात मात्र तो आजही चालू आहे आणि अनेक ग्राहकांना ही कॉफी जपानशी संबंधित वाटते. ज्या इथिओपियन प्रदेशावरून नाव पडले, त्याचा निर्देश त्या लेखनाने झाकला गेला. नावाचे मोल वाढले ते पनामात. मूळ गावाला त्या मोलाचा वाटा मिळाला नाही. विशेषनाम जन्माला घालणे आणि त्यावर हक्क राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात येते.

६. नावावरची सत्ता : इथिओपियाचा लढा

स्थळाचे नाव मालाला चिकटते, मग ते मालाच्या प्रकाराचे नाव बनते आणि अखेरीस स्थळाशी संबंध तुटून सामान्यनाम होते. कॉफीच्या इतिहासात हे पूर्वीही घडले आहे. येमेनमधील मोखा हे बंदर सतराव्या शतकात कॉफीच्या निर्यातीचे मुख्य ठाणे होते. 'मोका' हे प्रथम तेथून येणाऱ्या कॉफीचे नाव झाले, नंतर समुद्रापलीकडच्या हरारच्या कॉफीलाही ते लावले गेले आणि आज उपाहारगृहात ते चॉकलेट घातलेल्या पेयाचे नाव आहे. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' म्हणत. त्याचे नाते अरबी 'बुन्न' आणि इथिओपियातील 'बुना' या शब्दांशी आहे. मालाबरोबर शब्द प्रवास करतात. परंतु शब्दांबरोबर मूळ स्थळाचा लाभांश प्रवास करीत नाही.

इथिओपियाच्या शासनाने २००५ साली अमेरिकेत 'सिदामो', 'हरार' आणि 'यिर्गाचेफे' ही तीन नावे व्यापारचिन्हे म्हणून नोंदविण्यासाठी अर्ज केले. 'यिर्गाचेफे'ची नोंदणी झाली. उरलेल्या दोन नावांना अमेरिकन कॉफी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने हरकत घेतली. ही नावे व्यापारात कॉफीच्या एका प्रकाराची सर्वसाधारण नावे झाली आहेत, असा त्या हरकतीचा आशय होता आणि आरंभी नोंदणी कार्यालयानेही ती नोंदविण्यास नकार दिला. म्हणजे वाद मूलतः व्याकरणाचाच होता : 'सिदामो' हे विशेषनाम की सामान्यनाम? व्यापाऱ्यांनी शब्द सैलपणे वापरला आणि त्या सैल वापराचाच पुरावा करून मूळ मालकाचा हक्क नाकारला जाऊ लागला. २००६ साली ऑक्सफॅम या संस्थेने इथिओपियाच्या बाजूने लोकमत जागृत केले. या वादात ज्या कंपनीचे नाव प्रामुख्याने पुढे आले होते, त्या स्टारबक्सने जून २००७ मध्ये इथिओपियाशी करार करून तिन्ही नावांवरील त्या देशाचा हक्क मान्य केला. कालांतराने उरलेल्या दोन नावांचीही अमेरिकेत नोंदणी झाली.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. भौगोलिक मानांकनाचा मार्ग मोकळा असता व्यापारचिन्हाचा आग्रह का? कोलंबियाशी तुलना केल्यास उत्तर मिळते. कोलंबियात १९२७ पासून कॉफी उत्पादकांचा राष्ट्रीय महासंघ आहे. त्याने १९५९ साली 'हुआन वाल्देस' या काल्पनिक शेतकऱ्याची प्रतिमा जाहिरातीतून जगभर नेली. त्याच्याकडे क्षेत्रीय सल्लागार, संशोधनकेंद्र आणि निर्यातमालाची तपासणी यांची भक्कम यंत्रणा होती. त्यामुळे २००७ साली 'कॅफे दे कोलंबिया' या नावाला युरोपीय संघाचे संरक्षित भौगोलिक निर्देशन मिळू शकले. युरोपीय संघाबाहेरील मालाला मिळालेले ते पहिलेच होते. इथिओपियात लक्षावधी लहान शेतकरी घरामागच्या परसात वा रानाच्या सावलीत कॉफी लावतात आणि ती अनेक हातांतून बाजारात येते. प्रत्येक पोत्याची पडताळणी करावयाची तर तिचा खर्च त्यांच्याच माथी बसला असता. व्यापारचिन्हाच्या मार्गाने शासन नावाचे मालक झाले आणि परदेशी व्यापाऱ्यांना शुल्काशिवाय परवाने देऊन नावाचा योग्य वापर करण्याचे बंधन त्यांच्यावर घालता आले.

नाव राखले तरी वस्तू आणि नाव यांची गाठ राखावी लागते, हे इथिओपियालाच पुढे अनुभवास आले. २००८ साली तेथे राष्ट्रीय मालविनिमय बाजार स्थापन झाला. शेतकऱ्याला दूरच्या बाजारातला भाव कळावा, पैसे वेळेवर मिळावेत, हे त्याचे हेतू स्तुत्य होते आणि ते बऱ्याच अंशी साध्यही झाले. मात्र तेथे माल प्रदेश व दर्जा यांच्या वर्गांत एकत्र केला जाई. सहकारी संघ व मोठे मळे यांना थेट निर्यातीची मुभा होती. इतरांच्या मालाचे धुलाईकेंद्र कोणते हे ग्राहकाला सांगता येईना. विशेष कॉफीचे परदेशी ग्राहक नेमके तेच विचारत होते. २०१७ पासूनच्या सुधारणांनी मालाचा माग राखण्याची व अधिक उत्पादकांनी थेट निर्यात करण्याची वाट मोकळी झाली आणि २०२० मध्ये तेथे प्रथमच 'कप ऑफ एक्सलन्स' भरली. याच काळात आणखी एक अर्थपूर्ण घटना घडली. सिदामो नावाचा जुना प्रांत १९९० नंतरच्या पुनर्रचनेत नकाशावरून नाहीसा झाला होता. ते नाव केवळ कॉफीच्या पोत्यांवर जिवंत होते. २०२० साली सिदामा लोकांचे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले. आज पोत्यांवर 'सिदामो' व 'सिदामा' अशी दोन्ही नावे दिसतात. एक व्यापाराने जपलेले, दुसरे लोकांचे स्वतःचे.

७. भारतातील अनुभव

भारताचा इतिहास याच प्रश्नाचे दुसरे अंग दाखवितो. १९४२ च्या कायद्यान्वये कॉफी बोर्डाकडे विक्रीची व्यवस्था आली. बागाईतदाराने आपली कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावी आणि बोर्डाने ती विकून प्रतवारीनुसार पैसे वाटावेत, अशी ती पद्धती होती. मंदीच्या व युद्धाच्या काळात तिने बागाईतदाराला तारले. परंतु एका बागेची कॉफी दुसरीपासून वेगळी राहण्याचे कारणच तीत उरले नाही. 'प्लँटेशन ए' यासारखी प्रतवारीची नावे पाहिली तर ती दाण्याची प्रक्रिया व आकार सांगतात, गाव सांगत नाहीत. १९९२ पासून टप्प्याटप्प्याने बंधने सैल झाली आणि १९९६ पर्यंत खुल्या विक्रीचा अधिकार पूर्णपणे मिळाला. त्यानंतरच बागांची नावे परदेशी ग्राहकापर्यंत पोहोचू लागली. २०१९ साली कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका आणि अराकू व्हॅली अरेबिका यांना भौगोलिक मानांकन मिळाले. यांपैकी आंध्र प्रदेशातील अराकूची कॉफी आदिवासी शेतकऱ्यांची असून त्या नावाचे दुकान २०१७ मध्ये पॅरिसमध्ये उघडले.

'मॉन्सून्ड मलबार' हे त्याआधीच मानांकन लाभलेले नाव विशेष विचारार्ह आहे. शिडाच्या जहाजांच्या काळी पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जाई. महिनोन्महिने दमट समुद्री हवेत राहून दाणे फुगत, पिवळसर पडत आणि त्यांची आम्लता निघून जाई; तीच चव तेथील ग्राहकांच्या जिभेवर बसली. जलद जहाजे आली आणि ती चव हरवली. तेव्हा किनाऱ्यावरील गोदामांत पावसाळ्याच्या वाऱ्यात दाणे पसरून तो परिणाम मुद्दाम घडविण्यात येऊ लागला. येथे प्रवासातला एक दोषच ग्राहकाच्या सवयीने गुण झाला आणि ऋतू व किनारा या दोहोंच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला.

८. मर्यादा आणि निष्कर्ष

विशेष कॉफी हा सर्व उत्पादकांच्या दारिद्र्यावरचा उपाय आहे असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. पिकलेली फळे तेवढीच खुडावयाची तर एकाच झाडाकडे अनेकदा यावे लागते. वेगळे वाळविणे, निवडणे, साठविणे यांना मजुरी लागते. एवढे करूनही एका शेताचा सर्व माल ऐंशी गुणांचा निघत नाही. उरलेला सामान्य भावानेच जातो. लिलावातील विक्रमी भाव काही मोजक्या किलोंचा असतो. जागतिक भाव चढले की सामान्य व विशेष यांमधील अंतर कमी होते आणि निवडण्याचे कष्ट घेण्याचा उत्साह मावळतो. भाव उतरले की तोच उत्साह परत येतो, तोवर मजूर शहरात गेलेले असतात. शिवाय २०२३ साली युरोपीय संघाने जंगलतोडीविरुद्ध जो कायदा संमत केला, त्यानुसार कॉफी ज्या जमिनीवर पिकली तिचे अक्षांश-रेखांश देणे आवश्यक ठरणार आहे. त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत गेली असली तरी दिशा स्पष्ट आहे. उद्या प्रत्येक शेताला गावाच्या नावाबरोबर आकड्यांचीही एक ओळख असेल. ती नोंद शेतकऱ्याच्या संस्थेपाशी राहील की निर्यातदाराच्या दप्तरात, यावर शेतकऱ्याचे सौदाबळ अवलंबून राहील.

वरील उदाहरणांवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चव ओळखून ती सांगण्याची भाषा उत्पादकाच्या हाती आली पाहिजे. रवांडाने धुलाईकेंद्राबरोबर चवपरीक्षक घडविले म्हणून त्याच्या कॉफीला दर्जा आला. दुसरी, माल वेगळा ठेवला गेला पाहिजे आणि त्याचा माग अखेरपर्यंत टिकला पाहिजे. पनामातील गेशा आणि इथिओपियातील मालविनिमय बाजार ही या एकाच नियमाची अनुकूल व प्रतिकूल उदाहरणे होत. तिसरी, नावावरची सत्ता मूळ प्रदेशाकडे राहिली पाहिजे. नाही तर मोखा बंदराप्रमाणे नाव जगभर पसरते आणि गाव मागे राहते. यांतील पहिल्या दोन गोष्टी शेतकरी, सहकारी संस्था आणि विद्यापीठे यांच्या आवाक्यातल्या आहेत. तिसरीसाठी शासनाचे बळ लागते. व्याकरणात विशेषनाम एकदा ठरले की ते तसेच राहते असे गृहीत धरले जाते. बाजारात तसे नाही. तेथे ते दर हंगामात निवडलेल्या फळांनी, स्वच्छ धुतलेल्या दाण्यांनी आणि जागरूक नोंदींनी नव्याने मिळवावे लागते.